आगबोटीवरचा गारवा

मोडीत निघालेल्या जहाजांचे अवयव जेथे सुटे होऊन विक्रीस पडलेले असतात, त्या मुंबईच्या दारुखान्यातून काही वर्षांपूर्वी मी एक पितळी वस्तू आणली. ती आज माझ्या लिहिण्याच्या मेजावर कागद दाबून ठेवण्याच्या कामी येते. नारळाच्या करवंटीएवढा एक पोकळ गोल, एका बाजूस निमुळते होत गेलेले त्याचे तोंड, आणि भोवती एक रुंद कडे, ज्याच्या आत तो गोल बोटाच्या हलक्या स्पर्शानेही हवा तिकडे वळतो, एवढेच तिचे स्वरूप. जहाजाच्या खोलीत बिछान्याच्या उशाशी हा गोल बसविलेला असे, आणि नळांतून आलेला वारा प्रवाशाने आपल्या कपाळावर घ्यावा, पायांवर घ्यावा, किंवा नकोसा झाल्यास भिंतीकडे वळवून द्यावा, अशी तजवीज त्यात होती. विमानात आणि वातानुकूलित बसमध्ये डोक्यावर जी गोल झडप असते, ती याच कुळातली. जहाजबांधणीच्या धंद्यात या वस्तूला आजही 'पंखा लूव्हर' असे नाव आहे. स्कॉटलंडातील कारखान्यांत घडलेल्या या वस्तूला नाव मिळाले ते आपल्या पंख्याचे, या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटते.

ताडाच्या पानाचा हातपंखा, त्यानंतर साहेबाच्या बंगल्यात छताला टांगलेली कापडाची झालर आणि ओसरीवर बसून तिची दोरी ओढणारा माणूस, त्यानंतर आगबोटीच्या भोजनगृहात जेवणाऱ्यांच्या डोक्यांवरून झुलणारी तशीच झालर, आणि सरतेशेवटी हा पितळी गोल: या एका शब्दाच्या मागोमाग चालत गेले असता समुद्रावरील गारव्याचा सारा इतिहास उलगडत जातो. आणि तो उलगडत असताना पदार्थविज्ञानातला एक साधा नियम मनाला वेगळ्याच अर्थाने बोचू लागतो. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती एका जागेतून काढून दुसऱ्या जागी नेऊन टाकावी लागते. म्हणून जहाजावर कोणाची खोली गार झाली हे पाहताना, तेथली उष्णता कोणाच्या वाट्याला गेली हेही पाहिलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

शिडांच्या काळी तूतकाखालची हवा म्हणजे डांबर, ओले दोर, तळाशी साचलेले कुजके पाणी आणि शेकडो माणसांचे श्वास यांचे मिश्रण असे. त्यावर खलाशांनी शोधलेला उपाय अत्यंत साधा आणि म्हणूनच चिरस्थायी ठरला. शिडाच्याच कापडाची एक लांबलचक नळी शिवायची, ती डोलकाठीच्या दोरांना उभी टांगायची, तिचे वरचे तोंड कानांसारखे दोन्हीकडे फाकवून वाऱ्यासमोर धरायचे आणि खालचे टोक तूतकावरील झडपेतून थेट तळमजल्यावर सोडायचे. वारा फिरला की कोणीतरी उठून त्या नळीचे तोंड फिरवायचे. विद्वानांनीही या प्रश्नात लक्ष घातले होते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७४१ साली हाताने चालविण्याच्या मोठ्या भात्यांची रचना रॉयल सोसायटीपुढे मांडली, आणि त्याच सुमारास सॅम्युअल सटन याने जहाजावरील चुलीला तळापासून नळ्या जोडून, चुलीला लागणारी हवा तिने तळातूनच ओढून घ्यावी अशी युक्ती सुचविली. परंतु भात्याला माणसे लागत आणि नळ्यांना जागा लागे. कापडाच्या नळीला वाऱ्याखेरीज काहीच लागत नसे. तिची उणीवही तीच होती, कारण वारा पडला की नळीही पडे.

आगबोट आली आणि जहाजाने स्वतःची भट्टी स्वतःच्या पोटात घेऊन हिंडावयास प्रारंभ केला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे रवाना झाली, तेव्हा तिच्या कोठारांत मावणारा कोळसा साडेपाच दिवस पुरेल इतकाच होता आणि एडन तर अकरा दिवसांच्या वाटेवर होते. तेव्हा प्रवाशांच्या वावराच्या जागांतही कोळसा भरावा लागला. प्रवासी कसे वावरले असतील याची कल्पनाच केलेली बरी. २२ एप्रिल रोजी ती सुएझला पोहोचली आणि मुंबई व विलायत यांच्यामधला बाष्पशक्तीचा मार्ग सिद्ध झाला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर हा मार्ग हिंदुस्थानच्या राजकीय आणि सामाजिक जीवनाचा राजमार्गच बनला. गोखले, टिळक, आंबेडकर, विद्यार्थी, बॅरिस्टर, व्यापारी, सारे याच वाटेने गेले, आणि त्या साऱ्यांना तांबड्या समुद्राचे तीन-चार दिवस सोसावे लागले.

त्या तीन-चार दिवसांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आगबोटीवरील गारव्याची प्रत्येक यंत्रयोजना अखेर याच पाण्यावर पारखली गेली. दोन्ही बाजूंस वाळवंट, मधोमध एक चिंचोळा समुद्र, उन्हाळ्यात ज्याच्या पृष्ठभागाचे पाणीच तीस-बत्तीस अंशांपर्यंत तापलेले, आणि त्यात वारा जर बोटीच्या मागून बोटीच्याच वेगाने वाहू लागला तर तूतकावर पान हलत नसे. अशा वेळी कप्तानाने बोट वळवून काही काळ उलट दिशेने वाऱ्याच्या तोंडावर चालविल्याच्या हकीकती जुन्या प्रवासवर्णनांतून वारंवार येतात. रात्री खोल्यांतून निजणे अशक्य होई. गोल झरोक्यांत पत्र्याची पन्हळ बसवून बाहेरचा वारा आत वळविण्याचा खटाटोप चाले, पण समुद्र किंचित खवळला की झरोके मिटून घेण्याचा हुकूम सुटे. मग गाद्या तूतकावर येत आणि पहाटे तूतक धुण्यासाठी खलाशी बादल्या घेऊन आले की निजलेल्यांना आपापले बिऱ्हाड गुंडाळावे लागे. १९३१ साली 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेस जाताना गांधीजींनी दिवस आणि रात्रीही तूतकावरच काढल्या, हे सर्वश्रुत आहे. हे झरोके केवढे असत, याचा दाखला मराठी वाचकाला वेगळा द्यावयास नको. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात 'मोरिया' बोटीच्या ज्या झरोक्यातून सावरकरांनी स्वतःला बाहेर काढले, तो झरोका वाऱ्याकरिता होता, माणसाकरिता नव्हता.

'पॉश' हा शब्द आपण मराठीतही सर्रास वापरतो. इंग्लंडहून निघताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे दोन्ही वेळा दुपारच्या उन्हापासून आडोशाची खोली धनिक प्रवासी मागून घेत, आणि त्या मागणीच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून हा शब्द झाला, असे सांगतात. व्युत्पत्ती आकर्षक आहे, पण तसा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेले नाही, तेव्हा ती टाकून द्यावी हेच योग्य. मात्र उन्हाच्या बाजूची आणि सावलीची खोली यांतला भेद प्रवाशांना पक्का ठाऊक होता, एवढे त्या कथेवरून खचित दिसते.

आता या साऱ्याच्या खाली उतरू. बोटीच्या तळाशी बॉयलरसमोर जे आगवाले आणि कोळसेवाले उभे असत, त्यांच्या जागेतील पारा पन्नास अंशांच्याही वर जाई, आणि चार-चार तासांच्या पाळ्या करून ही माणसे ती उष्णता अंगावर घेत. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर माणसांची विभागणीही ठरून गेलेली होती: तूतकावर बहुधा कोकणातले आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी, आपापल्या सारंगाच्या आणि तांडेलाच्या हुकमतीखाली; भट्टीपुढे पंजाबी आणि पठाण; भोजनगृहात आणि खोल्यांच्या सरबराईला गोव्याचे ख्रिस्ती, जे दोन सफरींच्या मध्ये धोबीतलावाच्या कूडांतून आपापल्या गाववाल्यांबरोबर दिवस काढीत. माणशी किती हवा द्यावयाची हेही कायद्याने ठरविलेले होते. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यान्वये गोऱ्या खलाशाला निजण्याच्या जागेत ७२ घनफूट मिळत, आणि हिंदी खलाशाला त्याच्या निम्मे, ३६; १९०६ साली गोऱ्याचा वाटा १२० झाला, हिंदी खलाशाचा ३६ तेथेच राहिला. ही एक ओळ वाचली की मग मखमली खुर्च्या आणि झुलत्या झालरी यांच्या वर्णनांचा मोह मला उरत नाही. ज्या माणसाला उष्णतेत सर्वांत जास्त काम, त्यालाच हवा सर्वांत कमी, ही गोष्ट कोणाच्या नजरचुकीने घडलेली नव्हती. ती कायद्याच्या कलमात लिहून ठेवलेली होती. हजच्या यात्रेकरूंची स्थितीही यापेक्षा फार बरी नव्हती. मुंबईहून जिद्द्याला जाणारी ही माणसे त्याच तांबड्या समुद्रातून, पण मालाच्या मजल्यांवर पथाऱ्या पसरून जात, आणि चांद्रवर्षामुळे यात्रेचा काळ फिरत फिरत भर उन्हाळ्यात आला म्हणजे त्यांच्या हालांना पारावार राहत नसे.

गारवा विकत मिळू लागला तो मात्र यंत्राने नव्हे, बर्फाने. १२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचे जहाज बोस्टन बंदरातून १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातले शंभर टनांच्या आसपास शाबूत होते. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने लाकडाची साल आणि भुसा यांत गोठलेल्या तळ्यांचे चिरे बांधून हा व्यापार उभा केला, आणि कंपनी सरकारने त्या मालावरील जकात माफ करून तो रात्री उतरविण्याचीही मुभा दिली. पुढच्याच वर्षी मुंबईला बर्फ आले, ते जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीमार्फत. पुढे 'सर' झालेल्या जमशेटजी जीजीभाईंनी त्या सुमारास आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि खाणाऱ्यांना पडसे झाले, अशी हकीकत मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. गोदीच्या वेशीजवळ, जेथे आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या परिसरात, या बर्फासाठी घुमटाची एक इमारतही उभी राहिली. ती आज नाही. मद्रासची तशीच इमारत टिकली, आणि १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिल्याने पुण्यस्थळ झाली.

परंतु या व्यापाराची एक खूण आजही आपल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. दुकानात जाऊन आपण दीड टनाचा एसी मागतो, तो टन त्या यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंडांचा एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. बर्फ विकणाऱ्यांचे गिऱ्हाईक यंत्र विकणाऱ्यांना पटवावयाचे होते. तेव्हा आमचे यंत्र रोज तुमच्या इतक्या टन बर्फाचे काम करील, असे सांगणे त्यांना सोयीचे गेले, आणि ती भाषा रूढ झाली. पंखा आपला आणि टन बोस्टनच्या तळ्यांचा, असे हे दोन शब्द गारव्याच्या व्यापारात अजून टिकून आहेत.

जहाजावर शीतयंत्र प्रथम चढले ते माणसासाठी नव्हे, मांसासाठी. 'डनेडिन' हे जहाज १८८२ साली न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला सुखरूप पोहोचले, आणि त्यानंतर जहाजमालकांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो आजही सुटलेला नाही: यंत्रात कोणता वायू भरावा? अमोनिया काम चोख करी, पण बंद तळघरात गळू लागला तर माणसे गुदमरून मरत, शिवाय तांब्या-पितळेला तो खाई. म्हणून प्रवासी बोटींनी कार्बन डायऑक्साइड पसंत केला, जो जळत नाही आणि थोडा गळाला तर तितकासा घातक नाही. येथे निसर्गाने एक अडचण ठेवलेली होती. हा वायू ३१ अंशांच्या वर, कितीही दाब दिला तरी, द्रवरूप होत नाही; आणि त्याला थंड करून द्रवरूप करण्याचे काम तर समुद्राच्या पाण्याकडून घ्यावयाचे. उत्तर अटलांटिकात जे यंत्र निर्वेध चाले, तेच तांबड्या समुद्रात, म्हणजे जेथे त्याची खरी गरज तेथेच, दम टाकू लागे, आणि म्हणून पूर्वेकडच्या बोटींवर गरजेपेक्षा मोठी यंत्रे बसवावी लागत. जहाजासाठी शीतयंत्र निवडणे म्हणजे प्रथम ते जहाज ज्या पाण्यात फिरणार ते पाणी ओळखणे, हा धडा इंजिनिअरांना येथे मिळाला.

खोल्यांतील हवेचे काम याच्या बरोबरीने पण स्वतंत्र चालले होते. ग्लासगोच्या ए. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांनी एकोणिसावे शतक सरता सरता 'थर्मोटँक' नावाची पेटी सिद्ध केली, जिच्यात पंख्याने ओढलेली हवा थंडीत वाफेच्या नळ्यांवरून आणि उष्णतेत गार खाऱ्या पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन बोटभर पसरविता येई. माझ्या मेजावरील पितळी गोल त्याच परंपरेतला. तथापि दीर्घकाळ या नळांनी गार हवा क्वचित आणि हलती हवा बहुधा पोहोचविली. हवेतील दमटपणा काढल्यावाचून खरा गारवा येत नाही, हे विलिस कॅरिअर याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखताना शास्त्रशुद्ध रीतीने हाताळले. ते समुद्रावर यावयास आणखी तीन दशके जावी लागली. इटलीची 'व्हिक्टोरिया' ही १९३१ ची बोट, जी पुढे मुंबईमार्गे शांघायला जात असे, तिच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वातानुकूलन होते. तेवढ्या एकाच दालनात! जेवण संपवून दार उघडले की प्रवासी पुन्हा तांबड्या समुद्रात. युद्धात सैनिक वाहून नेत असता जानेवारी १९४२ मध्ये ती बुडाली.

दरम्यान १९३० साली टॉमस मिजली याने अमेरिकेत नव्या वायूचा प्रयोग करून दाखविला होता: तो वायू स्वतः छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझविली. विषारी नाही, ज्वालाग्राही नाही, आणि तांबड्या समुद्राच्या पाण्यानेही सहज द्रवरूप होतो. जहाजमालकांना आणखी काय हवे होते? महायुद्धानंतर जुनी यंत्रे उतरवून या वायूची, म्हणजे फ्रेऑनची, यंत्रे चढविण्याची लाट आली. पण चालत्या बोटीत यंत्र बदलणे नव्या बोटीत बसविण्याहून कितीतरी कठीण. छते आधीच ठेंगणी, त्यांखालून हवेचे रुंद नळ न्यावयाचे तर तुळया कापाव्या लागत. वरच्या मजल्यांवर वजन वाढले की बोटीचा तोल सांभाळावा लागे. आणि जुनी जनित्रे नव्या यंत्रांची भूक भागवू शकत नसत. म्हणून पुष्कळ बोटींवर हे काम वर्षावर्षाने, गोदीतील मुक्कामांच्या मुदती पाहून, वर्गावर्गाने उरकले गेले, आणि त्या क्रमात खलाशांच्या खोल्या कोठे आल्या असतील हे सांगणे नलगे. १९६१ ची 'कॅनबेरा' मात्र बांधतानाच संपूर्ण वातानुकूलित होती.

तेरा वर्षांनी, १९७४ साली, मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा निरुपद्रवी मानलेला वायू आकाशात उंच जाऊन ओझोनचे आवरण खातो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑलचा करार झाला आणि जगातील बोटींवर यंत्रे बदलण्याचे नवे पर्व सुरू झाले. त्यानंतर आलेले वायू पृथ्वीला तापवितात म्हणून २०१६ साली किगालीला आणखी एक करार झाला. आता पुन्हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांकडे यंत्रकारांची दृष्टी वळली आहे. १८९० च्या आसपासचा प्रश्न, तोच ३१ अंशांचा अडथळा, फक्त तो पार करण्याची साधने अधिक समर्थ.

आज मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या एखाद्या लहान नौकेच्या मालकाला जुने यंत्र काढून नवे बसवावयाचे झाले, तर त्याच्यापुढेही मूलतः हेच हिशेब असतात: किती टन, किती वीज, आणि कोणत्या पाण्यात. तळातील नळातून समुद्राचे पाणी आत ओढायचे, तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्यांतून ते फिरवायचे आणि खोलीची उष्णता घेऊन कोमट झालेले ते पाणी परत समुद्रात सोडायचे, अशी ती रचना. वाटेत एक जाळीची डबी असते. ती उघडली की आपले बंदर हातात येते: काळा गाळ, कालवांच्या कपच्या, शेवाळ, आणि प्लास्टिकच्या पिशवीचा चुरगळलेला तुकडा, जो एकटा सारे यंत्र बंद पाडावयास पुरेसा असतो. जाळी स्वच्छ न ठेवता यंत्रालाच दोष देऊन ते बदलणारे मालक थोडे नाहीत. आणि तेथून जवळच, ससून गोदीत, मासेमारीला निघालेल्या ट्रॉलरच्या पोटात बर्फाच्या लाद्या फोडून भरल्या जात असतात, टनांच्या हिशेबानेच. मासळी बर्फात असते आणि माणसे तूतकावर, वाऱ्याला.

हा इतिहास लिहिताना कंपन्यांची माहितीपत्रके, भोजनगृहांची छायाचित्रे आणि यंत्रांचे आराखडे विपुल मिळतात. भट्टीपुढच्या किंवा तूतकावरच्या माणसाचे लिखाण जवळजवळ मिळतच नाही. त्याचा एकच लेखी पुरावा घराघरांत असण्याचा संभव आहे, आणि तो म्हणजे खलाशी लोक जिला 'नली' म्हणत ती त्यांची नोकरीची पुस्तिका, जिच्यात बोटीचे नाव, हुद्दा, आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा नोंदलेल्या असतात. रत्नागिरी, रायगड, गोवा येथील ज्या कुटुंबांत आजोबा-पणजोबा बोटीवर होते, त्यांना माझी विनंती आहे की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, नली सापडल्यास तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि घरात कोणाला त्या बोटीवरच्या उन्हाळ्याची एखादी गोष्ट आठवत असेल तर ती त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी.